एझ्रा वकिलांच्या घरातली मुलगी

काका, तुमच्या शोकसभेत तिघांनी तुम्हाला शांत स्वभावाचे म्हटलं. मी मागच्या रांगेत बसले होते, मला खोकलाच आला. तुमच्या मुलानं, निखिलनं, वळून पाहिलं, आणि मला वाटतं त्यालाही हसू आवरत नव्हतं. सभा तुमच्याच बेसमेंटमध्ये होती. टेबल टेनिसचं टेबल घडी करून भिंतीला लावलं होतं, आणि फोटो तो निवडला होता ज्यात तुम्ही कोट घालून, हात बांधून कुणाच्या तरी लग्नात उभे आहात. त्या फोटोत तुम्ही खरंच शांत दिसता. त्या दिवशी भांडायला समोर कुणी नसेल.

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नको म्हटलं. रडू येईल म्हणून नाही. ते तसंही येतच होतं. पण आपलं भांडण अर्धं राहिलंय, आणि अर्ध्या भांडणात तिऱ्हाइताला घ्यायचं नाही हे तुम्हीच मला शिकवलंत. म्हणून तुम्ही गेल्यावर आज बाराव्या दिवशी घरी बसून लिहितेय. बाहेर कालचा बर्फ आहे. तुमच्या घरासमोरचा अजून कुणी काढलेला नाही, आणि तुम्ही आतून खिडकीवर टकटक करून "अहो, बाजूनं काढा, बाजूनं" असं कुणाला सांगत नाही आहात.

आपली ओळख लायब्ररीत झाली. जूनच्या उकाड्यात नेपरव्हिलच्या लायब्ररीत माकडटोपी घातलेला माणूस एकच. एसीचा वारा कानाला लागतो म्हणे. प्रिंटर कागद खात होता आणि तुम्ही त्याच्याशी इंग्रजीतून वाद घालत होतात. मी मराठीतून म्हटलं, "काका, ट्रे उलटा लावलाय." तुम्ही वळून माझं नाव विचारलंत, मग गाव, मग आडनाव. आडनाव सांगितल्यावर तुम्ही अर्धा क्षण थांबलात. तो अर्धा क्षण माझ्या लहानपणापासून ओळखीचा आहे, इलिनॉयमध्येही मी तो ओळखला. मग तुम्ही म्हणालात, "वा, नागपूर! म्हणजे वाचनाचा नाद असणारच तुम्हा लोकांना."

वाक्य कौतुकाचं होतं. त्यातलं 'तुम्हा लोकांना' मी पुढं चार वर्षं तुम्हाला चिडवायला वापरलं. साताऱ्याच्या कोर्टात चाळीस वर्षं वकिली केलीत, पण या एका वाक्याचा बचाव तुम्हाला कधी करता आला नाही. तुम्ही नुसते मिशीतल्या मिशीत हसायचात आणि विषय बदलायचात. मी तुमच्यापासून तीनच घरं सोडून राहते हे कळल्यावर मात्र तुम्ही मला लगेच कामाला लावलंत.

काम म्हणजे एझ्रा वकील. काकू गेल्यावर निखिलनं तुम्हाला इकडं आणलं. गाडी चालवता येत नाही, दिवसभर घरात कुणी नाही, आणि ज्याच्याशी वाद घालावा असा माणूस मैलभरात नाही. तेवढ्यात तुमच्या नातीला, अन्वीला, शाळेतून इलिनॉयच्या इतिहासावर प्रोजेक्ट मिळाला. तिला मदत म्हणून तुम्ही लायब्ररीतून एक जाडजूड जुनं पुस्तक आणलंत आणि त्यात तुम्हाला हा सापडला. राज्याच्या दक्षिणेकडचा अगदी सुरुवातीचा वकील. केंटकीहून घोड्यावर बसून आला, खोगिराच्या पिशवीत कायद्याची दोन पुस्तकं. त्या काळी न्यायाधीश आणि वकील मिळून गावोगाव फिरायचे, खाणावळीत एका पलंगावर तिघं झोपायचे आणि सकाळी एकमेकांविरुद्ध उभे राहायचे. पक्षकार फीच्या जागी मका नाहीतर डुकराची मांडी आणून द्यायचे. हे वाचून तुम्ही इतके खूश झालात की मला फोन करून सांगितलंत, "अगं सुजाता, आमच्याकडं घेवडा आणायचे! पोतं दारात टाकायचे आणि म्हणायचे, वकीलसाहेब, एवढं घ्याच."

पुढं तो राज्याच्या विधिमंडळात निवडून गेला. पुस्तकात त्याच्यावर दोनच पानं होती. अन्वीचा प्रोजेक्ट संपला, तिला चांगले मार्क पडले, आणि तिनं तुम्हाला सांगितलं, "आजोबा, इट्स डन. यू कॅन स्टॉप नाउ." तुम्ही थांबला नाहीत. तुम्हाला त्याचं चरित्र लिहायचं होतं, मराठीत. कोण वाचणार, असं मी विचारलं तेव्हा म्हणालात, "तू आहेस की." त्याला तुम्ही आपल्याकडच्या पद्धतीनं 'एझ्रा वकील' म्हणायचात, जणू त्याचं ऑफिस साताऱ्यात राजवाड्यामागच्या बोळात आहे आणि आत्ता चहाला बाहेर गेलाय.

त्याच्या गावाला जायला साडेतीन तास. दोन्ही बाजूंना मका, मग सोयाबीन, मग परत मका. तुमची सून मंजिरी सोबत तिखटमिठाच्या पुऱ्या द्यायची, चहाचा थर्मास तुमच्या मांडीवर, आणि जीपीएसवर तुमचा काडीचा विश्वास नाही. "ही बाई आपल्याला मुद्दाम लांबून नेतेय," असं तुम्ही दर अर्ध्या तासानं म्हणायचात. मी म्हणायचे, "काका, मी ड्राइव्ह करतेय ना? मग." आणि तुम्ही पाच मिनिटं गप्प बसायचात.

रेकॉर्ड रूम कोर्टाच्या तळघरात होती. तिथली डोना पहिल्या दिवशी आपल्याकडं जरा संशयानंच बघत होती. जुन्या रजिस्टरांतलं जोडून लिहिलेलं वळणदार इंग्रजी तिथल्या नव्या मुलांना लागत नाही. शाळेत ते नीट शिकवलेलंच नाही म्हणे. तुम्ही मात्र जमिनीच्या दाव्यांसाठी जन्मभर मोडीतले कागद वाचलेले. चष्मा कपाळावर सरकवून, नाक पानाला जवळजवळ टेकवून तुम्ही म्हणालात, "अगं, हे तर बाळबोध आहे," आणि घडाघडा वाचायला लागलात. तिसऱ्या खेपेला गेलो तेव्हा गावातले चारजण आपापल्या खापरपणजोबांची इच्छापत्रं घेऊन 'मिस्टर श्री'ची, म्हणजे तुमची, वाट बघत बसले होते. तुम्ही प्रत्येकाला वाचून दाखवलंत, आणि दोघांना तर तिथल्या तिथं कायदेशीर सल्लाही दिलात. तो कुणी मागितला नव्हता.

तेव्हाचे तुम्ही मला फार आवडायचात, काका. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. माझे वडील मी कॉलेजात असताना गेले. ऑफिसात दिवसभर स्क्रीनकडं बघून मी आंबून गेलेली असायची, आणि शनिवारी कुणीतरी माझ्या शेजारी बसून दोनशे वर्षांपूर्वीच्या म्हशीच्या, म्हणजे तिथं गाईच्या, दाव्यावर तावातावानं बोलतंय, मधेच मला पुरी भरवतंय, याचं मला किती अप्रूप होतं ते मलाच आता कळतंय.

आणि ते भाषण. या राज्यात गुलामी आणायची की नाही यावर रान पेटलं होतं, तेव्हा एझ्रा वकील उघड विरोधात उभा राहिला. मित्र तुटले, पुढची निवडणूक हरला, कुणीतरी त्याच्या धान्याच्या कोठाराला आग लावली. त्याचं भाषण डोनानं कॉपी करून दिलं होतं. माणसावर मालकी सांगणारा एकही कागद इथं लिहिला जाऊ नये, अशा अर्थाचं तो बोलला होता. तुम्ही गाडीत ते मोठ्यानं वाचलंत आणि संपल्यावर परत पहिल्यापासून वाचलंत. माझे डोळे भरले. मी नागपूरच्या बौद्ध घरातली मुलगी. कायद्याच्या कागदानं माणसाचं आयुष्य बदलतं हे आमच्या घरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. त्या दिवशी तो माझाही वकील झाला.

म्हणूनच लूसीचं मला इतकं लागलं.

लूसी त्याच्या पत्रांतून अधूनमधून दिसायची. लूसीला ताप आहे. लूसीनं सफरचंदं वाळवली. आमची लूसी आता मोठी झाली. तिचा जन्म कुठं नोंदलेला नव्हता आणि तिच्या नावापुढं आडनाव वगैरे काहीच नव्हतं. तुम्ही ठरवून टाकलंत की ही एझ्रा वकिलांची मानसकन्या. लांबच्या, गरीब नात्यातली पोर असावी, सांभाळायला आणली, लेकीसारखी वाढवली. अख्खं प्रकरण लिहिलंत तिच्यावर, आणि सुंदर लिहिलंत. मी ते टाइप केलं. आपल्यापैकी एकालाही शंका आली नाही, कारण आपल्याकडं अशी घरातली मुलगी कुणाच्या ना कुणाच्या घरात असतेच. ती कोण, असं कुणी विचारत नाही. अमेरिकन माणसानं पहिल्या पत्रातच ओळखलं असतं.

ऑक्टोबरात डोनानं ते रजिस्टर काढून दिलं. राज्य व्हायच्या आधीचं, चामड्याच्या पुठ्ठ्याचं. तुम्ही वाचत होतात, मी फोनवर फोटो काढत होते. लूसी, वय सोळा, काळी मुलगी, केंटकीहून आणलेली. एझ्राची चाळीस वर्षं चाकरी करीन असं लिहून देते. खाली सहीच्या जागी फुली. तुम्ही सवयीनं वाचता वाचता मराठी करत गेलात, आयुष्यभर दस्त केल्यासारखं, एका सुरात: "राजीखुशीनं व अक्कलहुशारीनं, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून देते..." आणि थांबलात. डोनानं आपल्या दोघांकडं पाहिलं आणि ती वर निघून गेली.

परतीच्या वाटेवर पहिले वीस मैल तुम्ही माझ्या फोनमधला तो फोटो मोठा करून परत परत वाचत होतात. मग म्हणालात, "तो कायद्याचा सोपस्कार असणार. त्या वेळी तसंच करावं लागत असेल. पत्रं बघ ना तू, किती मायेनं लिहितात ते तिच्याबद्दल. घरातलीच होती गं ती."

"काका, चाळीस वर्षं."

"अगं, आमच्याकडं नव्हती का सगुणा? दहा वर्षांची होती आली तेव्हा. आमच्याबरोबरच वाढली. आई तिला सणाला नवं परकर-पोलकं घ्यायची. कधी कुणी तिला नोकर म्हटलं नाही."

मी विचारलं, "झोपायची कुठं?"

तुम्ही म्हणालात, "स्वयंपाकघरात. उबेला."

तेव्हा मी माझ्या आईचं सांगितलं. ती नऊ वर्षांची असताना नागपूरच्या एका वकिलांकडं अंगण झाडायला होती. तिलाही सगळे घरचीच म्हणायचे, आणि तिचा कप मागच्या भिंतीतल्या कोनाड्यात असायचा. दोन वर्षांनी आजोबांनी तिला तिथून काढून शाळेत घातलं म्हणून ती पुढं शिक्षिका झाली आणि म्हणून मी इथं गाडी चालवतेय. तुम्ही हळूच म्हणालात, "ते वेगळं." मी म्हटलं, काय वेगळं? तुम्ही थर्मासचं झाकण घट्ट केलंत. मग मी विचारलं, "सगुणाचं पुढं काय झालं?"

एझ्रा वकिलानं आपला तांबडा घोडा कुठल्या महिन्यात आणि कुणाकडून घेतला, हे तुम्हाला पाठ होतं, काका. तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "माहीत नाही. मी पुण्याला लॉला गेलो. परत आलो तेव्हा ती नव्हती."

"आणि तुम्ही विचारलं नाही?"

"नाही."

तेव्हा मी म्हटलं, "तुमचा एझ्रा आणि तुम्ही, दोघंही सारखेच." त्यानंतर नेपरव्हिल येईपर्यंत गाडीत जीपीएसची बाई तेवढी बोलत होती. घरी उतरताना तुम्ही थर्मास गाडीतच विसरलात.

ते वाक्य मी मागं घेत नाही. पण सीटबेल्ट लावून बसलेल्या ऐंशी वर्षांच्या माणसाला, ज्याला उतरून जायलाही जागा नाही, ते तोंडावर मारायला नको होतं. याचं मला वाईट वाटतं, तेव्हाही वाटत होतं. मी रागात होते आणि मला माझ्या आईच्या त्या कपाचा राग तुमच्यावर काढायचा होता. तुम्ही सापडलात.

मग पाच आठवडे तुमचा फोन नाही. दिवाळी आली. मंजिरीनं फराळाचा डबा पाठवला, दरवर्षी तुम्ही स्वतः घेऊन यायचात. थर्मास धुऊन ओट्यावर ठेवलेला होता, तो मीही परत नेऊन दिला नाही. आईला फोनवर सगळं सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, बरं केलंस. ती म्हणाली, "घरच्या माणसाला 'तू घरचाच आहेस' असं कोणी सांगत असते का गं? जाऊ दे. पण म्हातारा माणूस आहे, पाय घसरून पडेल बर्फात, लक्ष ठेव त्यांच्यावर." मी लक्ष ठेवलं. रोज सकाळी ऑफिसला जाताना तुमच्या खिडकीतला दिवा लागलाय का ते बघायचे. तो लागलेला असायचा.

आणि एका रविवारी तुम्ही दारात उभे. माकडटोपी, निखिलचे दोन नंबरनं मोठे बूट, काखेत फाइल. आत आलात, टोपी काढली नाहीत, बसलातही नाहीत. सरळ सुरू केलंत. "मी त्या चाकरीच्या दस्तांचा कायदा मुळातून वाचला. लायब्ररीतल्या मुलीनं काढून दिला. त्या वेळी असं होतं, की मुलीनं सही करायला नकार दिला तर मालकाला तिला परत गुलामीच्या मुलखात घेऊन जायची मुभा होती. म्हणजे तिच्यासमोर पर्याय काय? इथं चाळीस वर्षं, नाहीतर तिथं जन्मभर. ही राजीखुशी होत नाही, सुजाता. असा दस्त मी कोर्टात एका दिवसात फाडला असता. आणि त्यांना हे कळत होतं. ते वकील होते. त्यांना कळत होतं, आणि ते पुढं जाऊन ते भाषण करून आले."

मग तुम्ही बसलात. "ते जुनं प्रकरण पुसून टाक," म्हणालात, आणि नवीन लिहिलेले कागद माझ्यासमोर ठेवलेत. वर फक्त 'लूसी' लिहिलं होतं. त्यात भाषणही होतं आणि फुलीही होती, आणि भाषण करणारा व ती फुली घेणारा माणूस एकच आहे हे तुम्ही कुठंही सारवासारव न करता लिहिलं होतं. एझ्रा वकिलावरचं तुमचं प्रेम त्यात कमी झालेलं नव्हतं. ते मला आधी खटकलं, मग नाही खटकलं. लूसीचं पुढं काय झालं ते तुम्हाला सापडलं नव्हतं. "नावाच्या पुढं काहीच नाही गं," म्हणालात, "शोधू कुठं?"

तुम्ही माफी मागितली नाहीत आणि मीही नाही. मी चहा केला. पिऊन झाल्यावर तुम्ही उठलात, कप घेऊन सिंकपाशी गेलात आणि विसळायला लागलात. ऐंशी वर्षांत हे काम तुम्ही किती वेळा केलं असेल ते उघडच दिसत होतं. बाहेरून घासघासून धुतलात आणि आतला चहाचा वळ तसाच राहिला. मी पाठमोरी उभी राहून डोळे पुसले. तुम्ही गेल्यावर तो कप मी परत धुतला.

इथंच सगळं संपलं असतं तर मी शोकसभेत चार वाक्यं बोलले असते. पण मी तुम्हाला अजून एकदा छेडलं. जानेवारीत, प्रुफं तपासताना, उगाच विचारल्यासारखं: "आणि सगुणा?" तुम्ही पेन खाली ठेवलंत. म्हणालात, "साताऱ्याला आता कोण राहिलंय विचारायला?" मी म्हटलं, "दोनशे वर्षांपूर्वीची माणसं सापडतात तुम्हाला." तुम्ही परत पेन उचललंत. मला तेव्हा वाटलं, झालं, एवढीच यांची धाव. लूसीसाठी पाच आठवडे लायब्ररीत बसतील, कारण लूसीला उत्तर द्यावं लागत नाही. माझं तुमच्याबद्दलचं हे मत तुम्ही गेलात त्या दिवशीही तसंच होतं, आणि तेच गिळून मी सभेत बसले होते.

हॉस्पिटलमध्ये शेवटचं भेटलो तेव्हाही विचारायचं ओठांवर आलं होतं. पण नर्स टॅब्लेट घेऊन सही मागायला आली आणि तुम्ही म्हणालात, आधी सगळं वाचून दाखवा. ती बिचारी अकरा पानं उभ्यानं वाचत राहिली. तुम्ही दोनदा शंका विचारलीत. मग बोटानं सही केलीत आणि माझ्याकडं बघून म्हणालात, "ही मात्र खरी राजीखुशी हं." मी हसले. तुम्ही डोळे मिटलेत. मी तुमच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं आणि घरी आले. उद्या बोलू म्हणून.

डोनाचा फोन येऊन गेला. वसंत ऋतूत त्यांच्या जुन्या कोर्टात तुमचं व्याख्यान ठरलं होतं, ते कुणी वाचेल का, असं विचारत होती. मी वाचेन म्हटलं. तुमचं सगळं, लूसीसकट. कुणी उठून गेलं तर जाऊ दे.

आता परवाचं सांगते.

परवा सकाळी मंजिरीचा फोन आला. "सुजाता, जरा येतेस? बाबांच्या मोबाइलवर इंडियाचा एक कॉल सारखा येतोय. कुणी बाई आहेत, बाबांशीच बोलायचंय म्हणतात. मला सांगताच येत नाहीये यार, मी कट केला." मी गेले. ती ओट्याला टेकून उभी होती, डोळे सुजलेले. तेवढ्यात परत वाजला. मी घेतला.

"शिरूदादा हायत का?" म्हातारा आवाज. "त्यास्नी म्हणावं, सगुणाचा फोन हाय."

मी तिथल्याच खुर्चीवर बसले, काका.

तुम्ही मला सांगितलं नाहीत. माझ्यासमोर परत पेन उचललंत आणि त्यानंतर तुमच्या जुन्या कारकुनाला, त्याच्या मुलाला, आणखी कुणाकुणाला फोन करत रहिमतपूरच्या पलीकडच्या एका गावात त्यांना शोधून काढलंत. म्हणजे ऐंशी वर्षांच्या माणसानं, इलिनॉयमध्ये बसून, दोन आठवड्यांत. हे त्यांच्याच तोंडून कळलं, आणि हेही की तुम्ही फोनवर म्हणालात, "सगुणा, मी श्रीधर. तुझं पुढं काय झालं?" माझाच प्रश्न, माझ्याच शब्दांत. आणि त्यांनी काही न बोलता फोन ठेवला. तुम्ही परत दोनदा लावलात. त्यांनी उचलला नाही.

तुम्ही गेलात हे मला त्यांना सांगावं लागलं. त्यांनी तिकडं कुणालातरी टीव्ही बारीक करायला सांगितलं. मग म्हणाल्या, "कवा गेलं?" मी सांगितलं. "तरास झाला का फार?" नाही म्हटलं. मी कोण ते त्यांनी विचारलं. मी म्हटलं, शेजारची. मग मी विचारलं, काय सांगायचं होतं त्यांना? मला सांगा.

त्यांनी सांगितलं, अगदी शांतपणे, जणू इतके दिवस मनात जुळवूनच ठेवलेलं होतं. लग्न झालं, मालक एसटीत ड्रायव्हर होते, ते गेले. दोन मुली, एक मुलगा. थोरली कराडला नर्स आहे. त्या स्वतः बावीस वर्षं शाळेत मुलांची खिचडी शिजवत होत्या. "चांगलं झालं माझं. वाईट काय न्हाई." तुमच्या घराबद्दल म्हणाल्या, "पोटाला कमी केलं न्हाई कुणी. मारलं बी न्हाई. शिरूदादा तर शाळंतनं येताना मला बोरं आणायचं." इथं माझा बांध फुटला.

मी विचारलं, "मग फोन का ठेवलात?"

"सगुणा म्हणलं म्हणून," त्या म्हणाल्या. "माझं नाव सगुणा न्हाई, बाई. मी सुमन. त्यांच्या थोरल्या वयनीचं नाव सुमन हुतं, म्हणून आल्या दिवशी मला सगुणा केलं. एका घरात दोन सुमन कशा चालतील? इतक्या वर्सांनी साता समुद्रापलीकडनं फोन केला, मला शोधून काढलं, आन् इचारलं कुणाला, तर सगुणाला. मला काय बोलावं ते सुचंना. मग घरी इचार केला, त्यास्नी तरी काय ठाव असंल? सांगावं आपणच. म्हणून लावत हुते फोन. तेवढं ऱ्हायलं बघा सांगायचं."

तुम्हाला हे खरंच माहीत नव्हतं, की माहीत असून विसरला होतात, हे मला आता कळायला मार्ग नाही. मी तुमच्याशी भांडू शकत नाही, आणि तुमची माफीही मागू शकत नाही. मी त्यांना म्हटलं, "मी सांगते त्यांना." त्या म्हणाल्या, "सांगा हां, नक्की."

काका, त्यांचं नाव सुमन आहे.